सशाला जायफळाचे वेढे चाटवू नका

दिवाळी जवळ आली की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ससा फटाक्यांना घाबरला तर जायफळाचे दोन वेढे उगाळून मधातून चाटवा, पाण्यात चिमूटभर अश्वगंधा घाला, कानामागे लॅव्हेंडर तेल लावा, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातला ताजा पाला किंवा तुळस-कोथिंबीर द्या, तरी शांत झाला नाही तर उताणा धरून पोट चोळा. सगळं नैसर्गिक, ससा शाकाहारी, म्हणून अपाय नाही. यातली तुळस-कोथिंबीर सोडली तर बाकी सगळं चुकीचं आहे.

आधी ‘शांत’ या शब्दाबद्दल. घाबरलेल्या सशाच्या जिवावर बेततं ते पोटामुळे. भीतीने आतड्यांची हालचाल मंदावते. आतलं गवत पुढे सरकत नाही, कोरडं पडतं, गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. त्याला उलटीही करता येत नाही. दहा-बारा तास तोंड हललं नाही तर डॉक्टरांकडे धावायची वेळ आली असं समजावं. म्हणून त्याला गुंगी आणणारी वस्तू नको. जेणेकरून तो खात राहील तेच हवं. शिवाय कोपऱ्यात दगडासारखा बसलेला ससा बहुतेकदा भीतीने किंवा दुखण्याने गोठलेला असतो, आणि मेसेज वाचून घरचे मात्र औषध लागू पडलं म्हणून निश्चिंत होतात.

‘जायफळ मधातून.’ बाळघुटीतल्या ओळखीमुळे हे घरगुती वाटतं. पण जायफळातलं मिरिस्टिसिन हे द्रव्य जास्त झालं तर माणसालाही बाधतं, आणि दीड किलोच्या जनावराला ‘जास्त’ व्हायला फार लागत नाही. मधाचा त्रास वेगळाच. सशाचं अंधांत्र ही जंतूंनी भरलेली मोठी पिशवी असते आणि तिथले जंतू तंतुमय चाऱ्यावर जगतात. साखर पोचली की नको ते जंतू वाढतात आणि गॅस होतो, तोही नेमका आतडी मंदावलेली असताना. चाटवण्यासाठी ससा दाबून धरला तर तो मागचे पाय जोरात झाडतो, त्या झटक्याने त्याचा कमरेचा मणका मोडू शकतो. तोंडात ओतलेला द्रव श्वासनलिकेत जाण्याची भीती असतेच.

‘पाण्यात चिमूटभर अश्वगंधा.’ नुसत्या वजनाचा हिशेब करा. साठ किलोचा माणूस दीड किलोच्या सशाच्या चाळीसपट. सशाला एक ग्रॅम चूर्ण म्हणजे त्या माणसाला चाळीस ग्रॅम. शिवाय पाण्याची चव बदलली की ससा पाणी कमी पितो, आणि आतडी ओली राहायला पाणी तर सर्वात आधी लागतं. वाटीत साधं पाणीच असू द्या.

‘लॅव्हेंडर तेल.’ ससा जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे तीव्र वासाने आणि वाफेने त्याला लवकर त्रास होतो. कानामागे लावलेलं तेल तो पुढच्या पंजांनी पुसून चाटतो, म्हणजे ते पोटात गेलंच. डिफ्यूझर, धूप, अगरबत्तीही त्याच्या खोलीत नको.

‘जंगलात पाला खातोच की.’ घरातला ससा आपल्या रानातल्या सशाचा वंशज नाही. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या सशाला घाणेरी किंवा रुई विषारी आहे हे शिकवायला कुणी नसतं. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून पाला तोडून आणूच नये. रस्त्याकडेचं गवतही नको: कुत्र्यांचं मूत्र, फवारणी, धूर. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, बाजारात मिळणाऱ्या दूर्वा मात्र उत्तम चारा आहे. दोनदा धुऊन, फडक्यावर कोरड्या करून द्या.

‘उताणा धरा.’ हे सर्वात क्रूर, आणि याचेच व्हिडिओ सगळ्यात जास्त. उताणा ससा निपचित पडतो कारण शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहणं ही त्याची शेवटची प्रतिक्रिया असते. तो दिसतो शांत, पण आतून पुरता घाबरलेला असतो.

आता कोथिंबीर, पुदिना, शेपू, तुळस. यांनी भीती जाते असं नाही, पण वासामुळे बावरलेला ससाही कधीकधी तोंड लावतो, आणि एकदा चघळणं सुरू झालं की गवताकडे वळतो. सवय मात्र दिवाळीच्या दहा दिवस आधी लावा. एका वेळी एकच पाला. पहिल्या दिवशी दोन पानं, मग चोवीस तास लेंड्या बघा. गोल, कोरड्या, नेहमीच्या आकाराच्या असतील तर हळूहळू चार-पाच काड्यांपर्यंत जा. तुळशीची तीन-चार पानं पुरेत, तीही फवारणी न केलेल्या रोपाची. पिवळं, चिकट झालेलं पान टाकून द्या. नेहमीची कोथिंबीर नाकासमोर धरूनही ससा तोंड फिरवत असेल तर ती धोक्याची खूण आहे.

भीतीवर खरा इलाज जागेचा. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, ससा आडवा पसरेल एवढं, समोरासमोर दोन दारं कापलेलं. पिना आणि चिकटपट्टी काढून टाका. चार दिवस आधी ठेवा, म्हणजे सशाचा स्वतःचा वास खोक्याला लागेल. बाल्कनीपासून दूर, आतल्या खोलीत. आत आणि बाहेर भरपूर गवत. जोडी असेल तर एकत्रच ठेवा. खोक्यातून ओढून बाहेर काढू नका.

इथे एक चूक हमखास होते. आवाज अडवायला खिडक्या बंद करून पिंजऱ्यावर जाड चादर टाकतात, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ससा भीतीने नाही, उष्णतेने कोसळतो. तिशीच्या वरचं दमट तापमान त्याला झेपत नाही. एसी किंवा पंखा चालू ठेवा, चादर एकाच बाजूने टाका, पाण्याची गोठवलेली बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून शेजारी ठेवा. पंधरा सेकंदांतले श्वास मोजून चारने गुणा. तीस ते साठ नेहमीचे. श्वास फार वेगाने, कान तापलेले, नाक ओलं, मान मागे टाकलेली, तोंड उघडं: ही उष्माघाताची लक्षणं. कान थंड पाण्याने ओले करा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, आणि लगेच डॉक्टरांकडे निघा.

अनेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचेच असतात. ससे बघणारा डॉक्टर, तोही लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन उचलणारा, आधीच विचारून ठेवा. लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, ससा पाठ काढून बसला, दात करकरू लागला, पोट फुगलं, तर सकाळची वाट बघू नका. काही चाटवलंच असेल तर काय, किती आणि किती वाजता हे डॉक्टरांना सांगा; भूल किंवा वेदनाशामक द्यायचं तर त्यांना ते कळायलाच हवं.