टोमॅटो पंधरा तारखेनंतर

७ मे २०२५. बर्लिनमध्ये सकाळी डोळे उघडले तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दीडशे मेसेज पडलेले. ऑपरेशन सिंदूर, क्षेपणास्त्रं, कुठल्यातरी जुन्याच लढाईचे व्हिडिओ. आणि मधेच चुलतभावाचं मला उद्देशून एक वाक्य : ‘तुमचं बरंय, तिकडे बसून टोमॅटो लावा.’

बोचलं. कारण त्या दिवशी मी खरोखरच टोमॅटोसाठी वाफे करायला निघाले होते.

इथे शहरात अंगण नसलेल्यांना जमिनीचा छोटा तुकडा भाड्याने मिळतो, त्याला क्लाइनगार्टन म्हणतात. एकट्या बर्लिनमध्ये असे सुमारे ७० हजार तुकडे आहेत आणि तरीही वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. नियम १९८३ च्या कायद्याचे. तुकडा ४०० चौरस मीटरच्या आत, त्यातली खोपटी ओसरीसकट २४ चौरस मीटर, तिथे कायमचं राहायचं नाही. आणि साधारण एक तृतीयांश जागेत भाजी-फळंच हवीत. नुसतं गवत वाढवून आरामखुर्ची टाकलीत तर तंबी मिळते. (मलाही मिळाली होती. माझी मेथी त्यांना तण वाटली.)

शेजारच्या तुकड्यातल्या आजींनी एकदा सांगितलं, दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांच्या आईने टियरगार्टनमध्ये बटाटे लावले होते. टियरगार्टन म्हणजे शहराच्या मधोमध असलेलं जुनं, मोठं उद्यान. १९४५ नंतर लोकांनी तिथली झाडं सरपणासाठी तोडली आणि मोकळ्या झालेल्या जागेत भाज्या पिकवल्या. बाजूला जळकी, भगदाडं पडलेली संसदेची इमारत. तेव्हा वाफे करणाऱ्यांना कोणी पळपुटं म्हटलं नसेल. पोटाचा प्रश्न होता.

माझा नाही, हे कबूल. माझे टोमॅटो दुकानात मिळतात आणि माझ्या डोक्यावर कुठलंही विमान घिरट्या घालत नाही. म्हणून चुलतभावाचं वाक्य मला सरसकट खोडून काढता येत नाही. इथेही आमच्याकडे बोट दाखवणारे आहेतच : शहरात राहायला घरं मिळत नाहीत आणि तुम्ही एवढी जमीन मुळे-कोबीसाठी अडवून बसलाय, असं ते म्हणतात. माझ्याकडे त्याला चोख उत्तर नाही. किल्ली मात्र मी सोडत नाही.

त्या सकाळी वाफ्यांकडे जाण्याआधी आईला फोन लावला. ती नाशिकला असते. देशभर मॉक ड्रिल होतं, मी घाबरलेली. ती वैतागलेली, पण युद्धावर नव्हे, आभाळावर. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून कुरडया गच्चीवर घातलेल्या आणि वर अवकाळी दाटून आलेलं. ‘भोंगा वाजेल नि थांबेल गं. कुरडया भिजल्या तर वर्षाचं गेलं की!’ एकाहत्तरच्या ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद चिकटवलेली बाई ही. तिला परिस्थिती कळत नाही असं कोण म्हणेल?

बातम्या बघत राहणं म्हणजेच काळजी करणं, हे मला पटेनासं झालंय. दूर असणाऱ्यांना तर हा रोगच जडतो. तिथे काही करता येत नाही, मग निदान जागरण तरी करू. मीही ते पुष्कळ केलंय. त्यातून आईचं काही भलं झालं नाही, आणि मी ऑफिसात दोन माणसांवर उगाच खेकसले. त्या दिवशी दीडशे मेसेज टाकणाऱ्यांपैकी आईकडे कोणी फिरकलं नव्हतं. मातीत हात घातले की फोन धरता येत नाही. तासाभराने हात धुऊन बसले तेव्हा चुलतभावाला उत्तर लिहिलं, भांडण वगळून : ‘काकूच्या गच्चीवर कुरडया आहेत. पाऊस येतोय. जाशील का?’

१० तारखेला शस्त्रसंधी झाली. त्याच संध्याकाळी मी रोपं घेऊन वाफ्यावर गेले, तर आजींनी अडवलं. ११ ते १५ मे हे इथले ‘बर्फाळ संत’, म्हणजे संतांच्या नावाने ओळखले जाणारे, थंडी परतण्याचे दिवस. शेवटची ‘थंड सोफी’ १५ ला जाईपर्यंत टोमॅटो बाहेर काढायचे नाहीत, रात्रीत गारठून जातात. रोपं पुन्हा घरी, खिडकीत.

ग्रुपवर तोवर चुलतभावाचा फोटो आला होता. पंख्याखाली चादरीवर पसरलेल्या कुरडया, निम्म्या तुटलेल्या, आणि बाजूला त्या तुकड्यांच्या भाजीची वाटी.