एफ-१२ नं वाजवले माझे बारा

आमच्या २०११ सालच्या लॅपटॉपची हार्डडिस्क ऐन मे महिन्यात गेली. नागपुरात ४५ डिग्रीत आपलंच डोकं चालत नाही, तिला काय बोलणार. बॅटरी तर कधीच गेलेली, चार्जर काढला की खेळ खल्लास.

पुण्याचा भाचा म्हणे, "मामा, फेकू नका न, पेनड्राईव्हवर लिनक्स मिंट टाका, विंडोजसारखीच फुकटातली सिस्टीम आहे, अन् त्याच्यावरूनच चालवा. सुरू होताना फक्त एफ-१२ दाबायचं, कशावरून सुरू करायचं त्याचा मेनू येतो."

आता "सुरू होताना" म्हणजे नेमकं कधी हे कोणी सांगत नाही. कंपनीचा लोगो दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो, म्हणून मी आधीपासूनच टकटकटक सुरू केलं, तर मशीन केकाटायला लागली. आतून बायको, "काय हो, तबल्याचा क्लास लावला का?" अर्ध्या तासानं कळलं की आपल्या मॉडेलला एफ-१२ नाहीच, एफ-९ आहे! कोणाचं एफ-१२, कोणाचं एस्केप, सगळ्यांनी मिळून एकच बटन ठरवलं असतं तर काय बिघडलं असतं बाप्पा.

मेनू आला, पण त्यात पेनड्राईव्हच नाही. परत फोन.

"मामा, निळ्या पोर्टात लावला का?"

"हो, निळा म्हणजे फास्ट न?"

"फास्ट आहे, पण जुन्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामला, सुरू होताना तो कधीकधी दिसतच नाही. काळ्यात लावा."

काळ्यात लावला. दिसला. एंटर मारलं तर काळी स्क्रीन अन् एक पांढरी रेघ, लुकलुक, लुकलुक. मी तिच्याकडे पाहतोय, ती माझ्याकडे. पेनड्राईव्ह जीपीटी, म्हणजे नव्या मशीनच्या पद्धतीचा, बनवला होता म्हणे, असल्या म्हाताऱ्याला जुनी एमबीआर पद्धतच लागते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून रुफस नावाच्या प्रोग्रामनं परत बनवून आणला अन् काय सांगू, मिंटचा हिरवा लोगो आला!

मग दोन तास वायफाय, मराठी कीबोर्ड, वॉलपेपरला फुटाळा तलावाचा फोटो, अगदी पोरीचं लग्न असल्यासारखं सजवलं. तेवढ्यात आई कूलरमध्ये पाणी भरायला आली अन् शॉक नको म्हणून तिनं बोर्डाचं मेन बटनच बंद केलं. कूलर अन् माझा चार्जर एकाच बोर्डावर.

"तो लाईव्ह मोड आहे मामा," भाचा म्हणाला, "सगळं रॅममध्येच असते, बंद झालं की साफ. दुसऱ्या पेनड्राईव्हवर इन्स्टॉल नाही केलं काय?"

कूलरची टाकी भरून झाली, आईनं बटन चालू केलं. मी एफ-९ वर बोट ठेवून बसलो.