रस्ट शिकताना क्लोन करून सुटू नका

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्या तिघांनी गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे एकच गाऱ्हाणं मांडलं. रस्टलिंग्ज या संचातले सगळे सराव पूर्ण, सगळ्या टेस्ट पास, पण स्वतःचा प्रोग्राम लिहायला बसलं की विसाव्या ओळीच्या आत कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) अडवतो. मी त्यांचे सोडवलेले सराव उघडून पाहिले. जागोजागी क्लोन, म्हणजे मूल्याची अख्खी नक्कल!

रस्टलिंग्ज म्हणजे मुद्दाम मोडून ठेवलेल्या कोडच्या छोट्या फायली. दुरुस्त करून सेव्ह केलं की जमलं की नाही ते लगेच कळतं. ही पद्धत मला मनापासून पटते. कोऱ्या फाइलची धास्ती नसते, आणि एका वेळी एकाच गोष्टीशी झगडायचं असतं.

अडचण अशी, की व्हेक्टर (वाढवता येणारी यादी) एखाद्या फंक्शनला देऊन टाकला आणि पुढच्या ओळीत पुन्हा वापरला, तर मालकी (रस्टमध्ये प्रत्येक मूल्याचा एका वेळी एकच मालक असतो) गेल्याची एरर येते आणि कंपायलर स्वतःच क्लोनचा पर्याय सुचवतो. खर्च परवडत असेल तर, असंही तो म्हणतो, पण ते वाचतो कोण? क्लोन टाकलं, फाइल पास, पुढची उघडली. त्या फंक्शनला व्हेक्टरची मालकी हवी होती की नुसतं वाचायला उसना चालला असता, हा प्रश्न राहूनच गेला. तो सराव होता त्या प्रश्नासाठीच.

एक प्रयोग करून बघा. आकड्यांचा व्हेक्टर घ्या, त्याच्या पहिल्या घटकाचा रेफरन्स (मूळ मूल्याकडे बोट दाखवणारा उसना दुवा) घ्या, मग व्हेक्टरमध्ये एक आकडा पुश करा (जोडा) आणि शेवटी तो रेफरन्स छापा. कंपायलर नाही म्हणतो. का? व्हेक्टरची जागा भरलेली असेल तर पुश करताना मोठी जागा घेतली जाते, सगळं तिकडे हलतं आणि जुनी मेमरी सोडून दिली जाते. तुमचा रेफरन्स मात्र जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहिला असता. सी भाषेत मेमरीची जागा वाढवणाऱ्या रीअ‍ॅलॉकनंतर नेमकं हेच होतं, आणि तिथे कोणी टोकत नाही. प्रोग्राम महिनोन्‌महिने चालतो आणि एक दिवस भलताच आकडा छापतो. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशा चुकांतून येतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं.

आता छापायची ओळ पुशच्या वर न्या. कंपाइल होतं! रेफरन्सचा शेवटचा वापर झाला की उसनवारी संपते, हे एक ओळ हलवून जितकं पक्कं बसतं तितकं धडा वाचून बसत नाही. मग रेफरन्सचं चिन्ह (&) काढा. आकडे असतील तर चालतं, कारण आकड्याची कॉपी होते. स्ट्रिंग (मजकूर) असतील तर पुन्हा नवी एरर.

म्हणून माझा आग्रह आहे, की सराव पास झाला की लगेच पुढे जाऊ नका. तो पुन्हा मोडा, दुसऱ्या तऱ्हेने. सेव्ह करण्याआधी कोणती एरर येईल ते कागदावर लिहा. अंदाज चुकला की त्या एररचा कोड घेऊन रस्टसी या रस्टच्या कंपायलरच्या एक्स्प्लेन कमांडने सविस्तर खुलासा वाचा. अशाने दिवसाला दोनच सराव होतील, होऊ द्या.

ज्यांचं रस्टलिंग्ज झालंय त्यांनी आज मूव्ह सिमँटिक्सच्या (मालकी दुसऱ्याकडे जाण्याच्या) फायली परत उघडून आपले क्लोन शोधा. जे काढता येत नाही ते कमेंटमध्ये टाका, आपण मिळून बघू.