निखाऱ्यांवर चाला, थकबाकी आपोआप वसूल होईल

लघुउद्योजकांना सल्ला देण्याच्या धंद्यात उतरताय? छान. कारखान्याचं तोंड पाहिलं नसेल तर आणखी छान, नजर कोरी राहते. परवाच आमच्या औद्योगिक वसाहतीत असा एक कोऱ्या नजरेचा सल्लागार येऊन गेला. कानाला माइक, सभागृहामागे पेटवलेली चर, विषय ‘संकटात तगून राहणं’. त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

आधी पराक्रमाची तयारी. चर तीन-चार मीटरची पुरे. लाकडं बरीच आधी पेटवा, ज्वाळा बसू द्या, निखाऱ्यांवर राखेची साय धरू द्या. लाकडी निखारा उष्णता फार हळू सोडतो, राख त्याहून हळू, आणि चालणाऱ्याचं पाऊल टेकतं जेमतेम अर्धा सेकंद. म्हणून तळवा वाचतो. हे अर्थातच सांगायचं नाही. ‘मनाची शक्ती’ म्हणायचं. मात्र चरीत एखादा खिळा किंवा पत्र्याचा तुकडा राहिला नाही ना, एवढं बघा. तापलेल्या लोखंडाला मनाची शक्ती कळत नाही. गोव्यात शिरगावला लईराई देवीचे भक्त, म्हणजे धोंड, व्रत पाळून निखाऱ्यांतून जातात, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते तर त्यामागचं विज्ञानही समजावून देतात. तुम्ही माणशी पाच हजार घ्या, अधिक जीएसटी.

फोटो आधी, बर्नॉल नंतर.

ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सनची स्लाइड हवीच. 1998 साली त्याने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये कोकच्या डब्यांच्या भिंतीवर रणगाडा घातला, हे हातवारे करून सांगा. त्याचा व्हर्जिन कोला अमेरिकेत टिकला नाही, हे सांगायला वेळ उरत नाही.

प्रत्यक्ष अनुभव? हेल्मेट घालून संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनशेजारी उभे राहा. बंद मशीन बघा, कूलंट उडतं.

मग कुणीतरी हात वर करून विचारेलच, ‘साहेब, कंपनी चार-चार महिने बिल अडकवते, काय करू?’ घाबरू नका. ‘पैशाकडे बघण्याची दृष्टी बदला,’ म्हणा. कायद्याचं नाव काढू नका, कारण मग तो वाचावा लागतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यात लिहिलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यायचे, करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 2024-25 च्या आकारणी वर्षापासून तर मुदत टळली की प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च आयकरात धरता येत नाही. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते; त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी केलेली नोंद, माल पाठवण्याआधीची असावी, नाहीतर तिथेच वाद निघतो. आणि तरीही कुणी तक्रार का करत नाही? पुढची ऑर्डर बंद होते म्हणून! ऐंशी टक्के माल एकाच गिऱ्हाइकाला जात असेल तर तो कायदा कपाटातच राहणार. इकडे बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, जीएसटी वेळेवर भरायचा, बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, व्याज चढतंय, पगाराची सात तारीख डोक्यावर. ज्याला हे माहीत नाही त्याने कारखानदाराला तग धरायला शिकवावं? कोणत्या तोंडाने?

जाऊ दे तो उपरोध. तो बिचारा पोटासाठी चर पेटवतो. पण कारखानदारहो, तुम्ही? लेथवरच्या टर्नरला ओव्हरटाइम देताना पन्नास रुपयांची घासाघीस करता आणि इथे पाच हजार मोजून पँट दुमडून रांगेत उभे राहता! पुढच्या तेरा आठवड्यांत किती येणार, किती जाणार, याचा साधा तक्ता तुमच्याकडे नाही. कोणतं येणं किती दिवस थकलंय, याची यादी लावलेली नाही. कच्च्या मालात किती पैसा झोपलाय ते स्टोअरकीपरला विचारावं लागतं. दुसरं गिऱ्हाईक शोधायला सवड नाही, पण रविवार अख्खा निखाऱ्यांवर घालवायला आहे. न भाजलेल्या तळव्यांचं प्रमाणपत्र बँक तारण घेते का, एकदा शाखेत जाऊन विचाराच.