मुहूर्ताची ट्रॉली

ईव्ह ऑनलाइन या इंटरनेटवरच्या खेळात लोक अंतराळात लढाया करतात. मी आपला व्यापारी. दुपारी साडेचारला सर्व्हर रोजच्या झाडलोटीसाठी बंद होतो (आइसलंडवाल्यांचे तेव्हा सकाळचे अकरा). तो परत सुरू झाला की चहा घेऊन जिताचे भाव बघायचे, हा नेम. जिता म्हणजे या खेळातलं लासलगाव.

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका पोराचा मेसेज आला. "दादा, या मॉड्यूलचा सरासरी भाव नव्वद कोटी दाखवतोय, एक जण सत्तरला देतोय. घेऊ का?" (मॉड्यूल म्हणजे जहाजावर बसवायचा सुटा भाग आणि कोटी म्हणजे इस्क, खेळातलं चलन.)

म्हटलं, खप बघ आधी. बारा दिवसांत चार नग.

"मग?"

मग काय! एवढ्या खपात तो भावाचा आलेख एकट्या माणसाने काढलेला असू शकतो. आपलाच माल आपल्याच दुसऱ्या खात्याने चढ्या भावाने घ्यायचा, कर आणि दलाली भरायची, की आलेखात टेकडी उभी. शिवाय भावाची नोंद स्टेशनवार नसते, अख्ख्या प्रदेशाची मिळून असते. जितापासून लांब, जिथे चिटपाखरू फिरकत नाही अशा स्टेशनावर हा सौदा केला तरी सरासरीत तो धरला जातो. उलट महागडा दुर्मिळ माल बराचसा कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे बाजाराबाहेरच्या करारावर, जातो आणि ते सौदे या नोंदीत येतच नाहीत.

खेळ रोज प्रत्येक मालाचे पाच आकडे ठेवतो: सौदे, नग, कमाल, किमान, सरासरी. पेपरातली बाजारभावाची चौकट अशीच असते. आमचे आजोबा त्यातल्या कमाल दराकडे ढुंकून बघत नसत. "मुहूर्ताची ट्रॉली असंल," म्हणायचे. हार घालून, नारळ फोडून पहिल्या ट्रॉलीला जो भाव निघतो, त्या भावाने दुसऱ्या दिवशी कोणी कांदा घेत नाही. छापून मात्र तोच येतो. आजोबा आधी आवक बघायचे, मग सर्वसाधारण दर, आणि तरीही शेजाऱ्याला विचारायचे, "तुला काय पट्टी निघाली?"

म्हणून 'डेटा खोटा आहे' असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. सौदा झाला, नोंद झाली, नोंद खरीच आहे. त्या भावाने तुमचा माल जाईल, असं त्या नोंदीने कधी सांगितलं?

खुद्द खेळ बनवणाऱ्या सीसीपीची इथेच फसगत झाली होती. २०१२ साली त्यांनी फॅक्शन वॉरफेअरमध्ये, म्हणजे खेळातल्या राज्यांच्या आपसातल्या युद्धात, शत्रूचं जहाज फोडलं की जहाज आणि आतल्या मालाच्या बाजारभावानुसार बक्षिसाचे पॉइंट द्यायची पद्धत आणली. मूठभर खेळाडूंनी फारसा न खपणारा माल निवडला, त्याचा सरासरी भाव आभाळाला नेला, तो आपल्याच जहाजांत भरला आणि शत्रूपक्षातल्या आपल्याच खात्यांनी ती जहाजं फोडली. काही लाख कोटी इस्क! नंतर कंपनीने ती कमाई काढून घेतली. पण मला त्या पोरांचं कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू.

रूनस्केप या दुसऱ्या ऑनलाइन खेळाची तऱ्हा वेगळी. तिथे २००७ मध्ये ग्रँड एक्स्चेंज हा बाजार आला तेव्हा गाइड प्राइसच्या, म्हणजे खेळानेच दिलेल्या भावाच्या, पाच टक्के वरखाली एवढीच मुभा होती. खरा भाव त्याच्या कितीतरी वर गेला की लोक एकमेकांशी थेट सौदा करताना हव्या असलेल्या वस्तूबरोबर भंगार गळ्यात मारायचे आणि फरक त्यात वसूल करायचे. युरियाबरोबर नको ती बाटली घेतलेल्या शेतकऱ्याला हे लिंकिंग समजावून सांगावं लागणार नाही. नोंदीत मात्र भाव अगदी सरळ, शिस्तीत.

आता ते भाव दाखवणारे तक्ते बनवणाऱ्यांना माझी एकच विनंती. भावाची रेघ एवढी ठळक आणि खपाचे खांब खाली मुंगीएवढे, हे उलटं करा ना! ज्या दिवशी दोनच नग गेले, त्या दिवशीची रेघ पुसट काढा.

पोराने मॉड्यूल घेतलंच. पंच्याऐंशीला विकायला लावलंय, रोज साडेचारनंतर उघडून बघतो. तेव्हापासून आलेखात एकच नवा ठिपका पडलाय, सत्तर कोटीचा. तो त्याचाच.