पाठीवरचं प्रूफ

ज्या कुर्त्यासाठी दिवाळीपासून स्क्रीन प्रिंटिंगवाल्याच्या मागे लागले होते, त्याच्यावर परवा मावसबहिणीच्या लग्नात एका गृहस्थांनी बॉलपेनने दुरुस्त्या केल्या. न विचारता.

पांढरं सुती कापड, त्यावर काळ्या शाईत डिग्री टाइप, म्हणजे तुकडे जुळवून केलेली छापील अक्षरं. अखंड देवनागरी अक्षरं पाडायची तर काना-मात्रा-जोडाक्षरं धरून खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या ठशांचा, ढीग लागतो. म्हणून मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यातल्या टॉमस ग्रॅहमने अक्षरांचेच तुकडे केले: अक्षर वेगळं, मात्रा वेगळी, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने जोडून घ्यायची. जुन्या पुस्तकांत या जोडावर बारीक फट दिसते. मला ती फारच गोड वाटते. तीच मोठी करून मी पाठभर छापून घेतली. बाह्यांवर उलटी अक्षरं, खिळ्यावर असतात तशी.

मंगलाष्टकं चालू, मुठीत अक्षता, आणि पाठीला काहीतरी टोचलं.

"हलू नका. ओळ हलते."

मागच्या खुर्चीत काका. चष्मा कपाळावर, हातात पेन.

"अहो, काय करताय?"

"मात्रा सुटलीय. इथेही. हा रफार तर पार उडालाय. कोणी तपासलं हे?"

"काका, ते डिझाईन आहे!"

"सगळे असंच म्हणतात. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, ताई. जावजी दादाजींच्या निर्णयसागरात असा फर्मा मशीनवर चढला असता?"

आता काय बोलणार? १८६९ साली उभा राहिलेला तो छापखाना. राणोजी आरूंनी कोरलेल्या तिथल्या अक्षरांसमोर माझी फट म्हणजे फटच. पण म्हणून माझ्या पाठीवर?

"बाही द्या," काका म्हणाले. आणि उलटी अक्षरं उजवीकडून डावीकडे घडाघडा वाचून दाखवली. "ही ठीक आहेत. फक्त 'द्ध' बघा." 'द्ध'भोवती गोल. तिथून एक रेघ थेट माझ्या कोपरापर्यंत, कारण दुरुस्ती लिहायला कोरा समास तिथे होता. तेवढ्यात 'सावधान' झालं. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझा हात काकांकडे होता.

काकांशेजारी त्यांचा नातू बसला होता. त्याच्या टी-शर्टवर इंग्रजीत दोन ढळढळीत चुका, छातीभर. त्याला पेनचा ठिपका नाही! परक्या भाषेतलं काहीही अंगावर चालतं. मराठी अक्षर दिसलं की मात्र सगळ्यांमधला मास्तर जागा होतो. वर्तमानपत्राची घडी न मोडणाऱ्या आत्यासुद्धा मला भिंतीकडे तोंड करून उभं करत होत्या. "पुढे काय लिहिलंय गं? अर्थ लागत नाही." एकीने तर विचारलं, "उलटं छापलं, तर दुकानदार बदलून देत नाही का?"

पंगतीत वाढप्याने खांद्यावर तूप सांडलं. तोवर मी इतकी वैतागले होते, की म्हटलं, सांडू दे. मुद्रक गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, पंचांग काढलं. शाईतल्या चरबीचा विटाळ नको म्हणून त्यांनी तुपाची शाई करवून घेतली, असं सांगतात. म्हणजे शाई आणि तूप, दोन्ही परंपरेला धरूनच.

तूप निघालं. बॉलपेन निघत नाही. ड्रायक्लीनिंगवाल्याने पैसे पूर्ण घेतले आणि पावतीवर लिहून दिलं: "प्रिंट आधीपासून तुटकी व उलटी. दुकान जबाबदार नाही."