लिफ्टचं बिल तळमजल्याच्या गाळ्याला?

डोकं तापलंय आज. विश्रामबागेतल्या एका कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर फॉल-पिकोचं दुकान चालवणाऱ्या ताईंच्या हातात वीस हजारांचं बिल पाहिलं. वर एकच शब्द, ‘मेंटेनन्स’. विचारलं तर कळलं, लिफ्टचं नवं मशीन, १,८०,००० रुपये. गाळे बारा, तीन रिकामे, म्हणून मालकांनी सरळ नऊने भागलं. ताई एका साडीचे शंभर घेतात. दोनशे साड्या झाल्या या!

अहो, मेंटेनन्स म्हणजे जिन्यातले दिवे, झाडलोट, पाण्याच्या मोटरचं वीजबिल, वॉचमनचा पगार, लिफ्टची वर्षाची सर्व्हिसिंग. नवं मशीन ही मालकाच्या मालमत्तेत पडलेली भर. ताई उद्या गाळा सोडून गेल्या तरी ते तिथेच राहणार.

आणि वाटणी कार्पेटवर, म्हणजे गाळ्याच्या आतल्या मापावर व्हायला हवी, डोक्यागणिक नाही. ताईंचा गाळा १८० चौरस फूट, सगळे मिळून ४,५००. हिस्सा ४ टक्के. रिकाम्या गाळ्यांचा हिस्सा मालकाने भरायचा. ते गाळे बेरजेतून काढले की बाकीच्यांचा टक्का वाढतो, आणि बिलावर ते कुठेच दिसत नाही. खरी मेख इथे आहे. बरं, मशीनचा खर्च वाटायचाच, तर त्याचं आयुष्य दहा वर्षं धरा. वर्षाला १८,०००, त्याचे ४ टक्के ७२०. महिन्याला साठ रुपये!

घरपट्टी वाढते, भाडेकरूही थकवतात, मान्य.

पण ताईंचा करार नुसता नोटरी केलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ बघा: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

नवा करार करणाऱ्यांनो, कोणते खर्च, किती टक्के, वर्षाला वाढ जास्तीत जास्त किती, हे लिहून घ्या. मार्चनंतर मूळ बिलं दाखवून हिशेब जुळवायचा, हेही. विजेला सबमीटर लावा. मालक जीएसटीत असेल तर भाड्यात मिसळलेल्या विजेवरही १८ टक्के लागतात. महावितरणच्या दराने आली तेवढीच वसूल केली तर लागत नाहीत. आणि आपल्या सांगलीत २०१९चा पूर पाहिल्यावर तरी बेसमेंटमधलं पाणी कोण उपसणार, त्याची ओळ हवीच.

मालक वाईट नाहीत हो. वयस्कर आहेत, भाड्यावरच घर चालतं. मशीनचं मूळ बिल आणि सगळ्या गाळ्यांच्या मापांचा कागद ताईंनी लेखी मागितलाय. तो येईपर्यंत नेहमीचा मेंटेनन्स भरायचा, वीस हजार नाही.